सायकलीची हवा आणि आपले शिक्षण

(द्वितीय वर्ष, कला)

लेखाचे नाव वाचून काही मित्र हसतील, हे मला ठाऊक आहे. वार्षिकांकात आई, पाऊस, परीक्षा आणि देशाची परिस्थिती यांवर लिहायचे असते. सायकलीच्या ट्यूबवर कोणी लिहीत नाही. परंतु विद्यार्थ्यांनी आपले मत मोकळेपणाने मांडावे, असे आवाहन सूचनाफलकावर वाचले आणि विचार करू लागलो, तेव्हा लक्षात आले, की माझी बाकीची सगळी मते कोणाच्या तरी व्याख्यानातून किंवा पुस्तकातून उसनी घेतलेली आहेत. स्वतःचे म्हणता येईल असे एकच मत माझ्यापाशी आहे. ते असे, की पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आणि विद्यार्थिनीला सायकलीची ट्यूब नीट बसवता आली पाहिजे, तिच्यात हवा नीट भरता आली पाहिजे. आणि ज्याला हे येते त्याने ‘येते’ म्हणायला लाजू नये.

यातला शेवटचा भाग मी स्वतःला उद्देशून लिहिला आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

माझे वडील पंक्चर काढतात. तालुक्याच्या एस. टी. स्टँडच्या भिंतीला लागून त्यांची पत्र्याची टपरी आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. प्रवेश घेताना अर्जावर ‘पालकाचा व्यवसाय’ असा रकाना होता. त्यात मी ‘व्यापार’ असे लिहिले. ते पूर्ण खोटे नव्हते, कारण आबा टायर-ट्यूबही विकतात. पण लिहिताना मी अर्ज हाताने झाकला होता, एवढे आठवते.

गेल्या वर्षी परीक्षेच्या दिवसांत अर्थशास्त्राच्या पेपरला निघालो होतो. ओढ्याच्या पुलाजवळ आमच्या वर्गातली एक मुलगी सायकल धरून उभी होती. ती सहा किलोमीटरवरच्या वाडीवरून रोज सायकलने येते. मागच्या चाकात हवा नव्हती. आदल्या संध्याकाळी तिच्या भावाने नवी ट्यूब घातली होती आणि ती सकाळी अर्ध्या वाटेत बसली. तिथेच आमच्या वर्गातली तीन मुले मोटारसायकल लावून गप्पा मारीत होती. तिने मला विचारले, “तुला काही करता येईल का रे?” माझ्या सायकलीच्या दांडीला पंप होता. पिशवीत आबांनी सक्तीने ठेवायला लावलेली डबी होती. तिच्यात दोन पट्ट्या, पॉलिशपेपर, सोल्युशन आणि ठिगळे. पेपरला पाऊण तास होता. पंधरा मिनिटांचे काम. मी त्या तीन मुलांकडे पाहिले आणि म्हणालो, “मला नाही येत.”

ती सायकल हातात धरून चालत आली. पंचवीस मिनिटे उशिरा वर्गात शिरली. त्या विषयात ती चार गुणांनी राहिली. उशिरामुळेच राहिली असे मी म्हणत नाही, ते कोणालाच सांगता येणार नाही. पण पंचवीस मिनिटांत चार गुणांचे लिहून होते, हे आपण सर्वजण जाणतो.

खरी गोष्ट पुढेच आहे. संध्याकाळी ती सायकल ढकलत आमच्याच टपरीवर आली. मी खाली बसून एका ट्यूबला ठिगळ लावीत होतो. दोन्ही हात सोल्युशनने काळे झाले होते. तिने मला पाहिले आणि आबांना म्हणाली, “हा तुमचा मुलगा का? याला तर येत नाही म्हणाला.” आबांनी एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा माझ्या हातांकडे पाहिले आणि म्हणाले, “त्याला अजून नीट येत नाही, पोरी. शिकतोय.”

एवढेच. घरी आल्यावरही ते काही बोलले नाहीत. त्यानंतर मी खरोखर शिकायला बसलो. तोवर मला फक्त पंक्चर काढता येत होते.

तर आता त्या सायकलीत काय बिघडले होते ते सांगतो, म्हणजे माझे मत नुसते भावनेवर उभे नाही हे कळेल.

आबांनी चाक पाण्याच्या घमेल्याशी आणले, ट्यूब बाहेर काढली, थोडी फुगवली आणि पाण्यात फिरवली. व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर, टायरची कड जिथे रिमवर बसते त्या बाजूला, बारीक चीर निघाली. आबा म्हणाले, “पेचकसानं टायर चढवलाय.” तिच्या भावाने जोर लावून शेवटचा भाग पेचकसाने आत ढकलला होता आणि ट्यूब टायरची कड व रिम यांच्यात चेमटली होती. रात्रभर हवा टिकली, चाकावर वजन पडताच चीर उघडली. नवी ट्यूब होती, नवा टायर होता, पैसेही खर्च झाले होते. चूक फक्त बसवण्यात होती.

आबांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले. पण ते ट्यूब वाचतात, असे मी म्हणेन. भोक बाहेरच्या बाजूला, म्हणजे रस्त्याकडे असेल, तर काटा, काच किंवा खिळा. आमचा भाग माणदेशाचा. बाभळीचा काटा आणि सराटा हे आमच्या धंद्याचे अन्नदाते. भोक आतल्या बाजूला, म्हणजे रिमकडे असेल, तर रिमवरची पट्टी सरकली आहे आणि स्पोकचे टोक वर आले आहे. शेजारी शेजारी दोन चिरा, साप चावल्यासारख्या, तर हवा कमी ठेवून सायकल दगडावर किंवा खड्ड्याच्या कडेवर आदळली आहे. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल, तर हवा कमी असल्याने टायर रिमवर सरकला आणि त्याने ट्यूबला ओढत नेले. आम्ही इतिहासाच्या तासाला साधनांची चिकित्सा शिकतो. आबा ती घमेल्यापाशी करतात.

बसवण्याची रीत आता सांगतो. आबांची शिस्त अशी, की ट्यूब बदलण्यापूर्वी ती का गेली ते शोधायचे. टायरच्या आतून बोटे सावकाश फिरवायची. काटा आत तसाच राहिला, तर नवी ट्यूब पहिल्या फर्लांगातच जाते. याचसाठी आबा टायर चढवताना त्याच्यावरचे छापील नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर ठेवतात. ते नटवेपण नव्हे. पुढे ट्यूबला भोक सापडले, की व्हॉल्व्हपासूनचे अंतर मोजून टायरमध्ये काटा नेमका कुठे असेल ते लगेच कळते. मग रिमवरची पट्टी पाहायची. ती सगळीकडे स्पोकची टोके झाकते ना, आणि तिच्यातले भोक रिमच्या भोकासमोर आहे ना, एवढे पुरे.

ट्यूब मापाचीच हवी. आपल्या जुन्या काळ्या उंच सायकलीचे टायर २८ × १½ असतात. हल्ली त्यांच्या कडेवर ४०-६३५ असेही छापलेले दिसते. म्हणजे टायरची रुंदी ४० मिलिमीटर आणि ज्या जागी तो रिमवर बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. पुष्कळशा लेडीज सायकलींना २६ × १⅜, म्हणजे ३७-५९० लागतो. लहान ट्यूब ताणून घातली तर ती पातळ होते. मोठी कोंबली तर तिला घडी पडते आणि घडीवरच ती चिरते.

टायरची एक कड आधी पूर्ण रिममध्ये घ्यावी. मग ट्यूबमध्ये तिला आकार येईल एवढीच थोडी हवा भरावी. बहुतेक जण ही पायरी गाळतात. रिकामी ट्यूब पट्टीसारखी चपटी असते. ती पिळते, दुमडते आणि कडेखाली सापडते. थोडी फुगलेली ट्यूब आपली जागा आपण धरते. टायरच्या आतून थोडी शंखजिऱ्याची पूड लावली तर ती चिकटत नाही. व्हॉल्व्ह भोकातून सरळ उभा घ्यावा, त्याची चकती लगेच आवळू नये.

दुसरी कड चढवायला व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूने सुरुवात करावी आणि दोन्ही हातांनी दोन्हीकडून व्हॉल्व्हकडे यावे. असे का, हे मला बरेच दिवस कळत नव्हते. रिम मध्यभागी थोडी खोलगट असते. टायरच्या कडेत तार असते, ती ताणत नाही. पण चढलेली कड त्या खोलगट भागात उतरली, की पलीकडे तेवढी सैल मिळते. व्हॉल्व्हपाशी ट्यूबचे बूड जाड असते, तिथे कड खाली उतरत नाही. म्हणून ती जागा शेवटी ठेवायची. एवढे समजले, की शेवटचा वीतभर भाग अंगठ्यांनी आत जातो. पट्टी लागत नाही, पेचकस तर नाहीच. मग व्हॉल्व्ह एकदा आत दाबून सोडायचा, म्हणजे त्याच्या बुडाखाली कड सापडली असेल तर सुटते. शेवटी चाक हळूहळू फिरवत दोन्ही बाजूंनी टायर अंगठ्याने बाजूला सारून पाहायचे. कुठेही ट्यूबचा काळा ओठ बाहेर दिसता कामा नये. तो दिसत असताना हवा भरली, तर जो आवाज होतो तो एस. टी. स्टँडवरच्या सर्वांनी ऐकलेला आहे.

आता हवा. आधी अर्धी भरावी. टायरच्या कडेजवळ एक उठावाची बारीक रेघ सभोवार असते. ती रिमपासून सगळीकडे सारखी दिसते ना, ते पाहावे. एखाद्या जागी आत गेली असेल किंवा फुगून वर आली असेल, तर हवा सोडून हाताने सारखी करावी. मगच पूर्ण भरावी. किती, तर ते टायरच्या कडेवर छापलेले असते. २८ च्या साध्या टायरला साधारण ४० ते ५० पौंड लागतात. मागच्या चाकावर वजन अधिक, म्हणून मागे थोडी जास्त. आपल्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची छोटी नळी असते, तिला टपरीवर ‘वाल ट्यूब’ म्हणतात. पंपाची हवा ती नळी फुगवून आत शिरते आणि मग आतल्या दाबाने नळीच भोकावर घट्ट बसते. त्यामुळे अशा व्हॉल्व्हवर मापक लावून आतला दाब नीट कळत नाही. इथे अंगठाच मापक. कडेने जोर लावून दाबल्यावर किंचित दबला पाहिजे. आणि माणूस बसल्यावर टायर जमिनीशी थोडासाच पसरला पाहिजे. पुष्कळ वेळा ‘पंक्चर झाले’ म्हणून आलेल्या सायकलीला पंक्चर नसतेच. ती नळी कुजलेली असते. ती बदलायला दोन मिनिटे लागतात.

दोन गैरसमजही सांगतो. पहिला, पेट्रोल पंपावरच्या यंत्राने हवा भरणे सोयीचे असते. सायकलीच्या ट्यूबमध्ये मोटारीच्या मानाने हवा फारच थोडी मावते. ते यंत्र काही सेकंदांत मर्यादा ओलांडते. हातपंपाने घाम येतो, पण कुठे थांबायचे ते हाताला कळते. दुसरा, उन्हाळ्यात हवा निम्मी ठेवावी म्हणजे टायर फुटत नाही. शाळेत शिकलेला वायूंचा नियम लावून मी हिशेब केला. ४५ पौंड हवा, त्यात वातावरणाचा सुमारे १५ पौंड मिळवला की ६०. तापमान २५ वरून ५० अंश झाले तर हा दाब सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ५ पौंड. ४५ चे ५० झाले. एवढ्याने धडधाकट टायर फुटत नाही. आबांना हिशेब दाखवला तेव्हा ते म्हणाले, “मी काय सांगत होतो? उन्हानं फुटतो तो आधीच कच्चा असतोय.” निम्म्या हवेने मात्र साप चावतोच. म्हणजे वाचवायला गेलो आणि मोडून आलो. शिवाय ट्यूब धड असली तरी रबरातून हवा थोडी थोडी जातच राहते. म्हणून पंधरवड्यातून एकदा तरी पंप हातात घ्यायलाच हवा.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे. माझ्या एका मित्राने विचारले, की थोड्याशा पैशात जे काम होते, ते बी. ए. च्या विद्यार्थ्याने का शिकावे? उत्तर असे, की टपरी ओढ्याच्या पुलावर नसते. ज्याच्या वाटेवर टपरी आहे त्याने नाही शिकले तरी चालेल. वाडीवरून येणाऱ्या मुलीचे चालत नाही. आज गावोगाव मुलींच्या हातात सायकली आल्या, ही मोठी गोष्ट घडली. पण सायकल दिली आणि हवा भरायला शिकवले नाही, तर पहिल्या सराट्यालाच ती गोठ्यात उभी राहते आणि मुलगी घरी बसते. अशा सायकली मी पाहिल्या आहेत. त्यांना रोग मोठा नसतो.

दुसरा प्रश्न घरचाच होता. सगळेच शिकले तर आबांनी खायचे काय? मी भीत भीत विचारले. ते म्हणाले, “ज्याला कळतं तो वेळेवर येतो. ज्याला कळत नाही तो बसलेल्या चाकावर घरापर्यंत जातो, टायरचा पार चोथा करतो, आणि मग पैसे नाहीत म्हणून सायकलच सोडून देतो. सायकली सोडल्यावर माझं काय ऱ्हातंय?”

तिसरे म्हणणे प्रतिष्ठित आहे. कला शाखेने विचार शिकवावा, हातकाम नव्हे. पण विचार आणि हात यांची ही फारकत कोणी केली? बेलफास्टमध्ये जनावरांची डॉक्टरकी करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर स्वतःच्या हाताने बनवला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. त्याच्याही चाळीसेक वर्षे आधी, १८४५ साली, रॉबर्ट थॉमसनने हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. ते उघडकीस आले तेव्हा डनलॉपचे पेटंट टिकले नाही. पहिले टायर रिमला चिकटवलेले असत, पंक्चर काढणे म्हणजे दिव्य होते. १८९१ साली मिशेलिन बंधूंनी सुटा करता येणारा टायर आणला आणि त्याच वर्षी शार्ल तेराँने तो लावून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही शर्यत जिंकली. तेव्हा माझ्या वडिलांचा धंदा जन्माला आला म्हणायचा! आणि आपल्याकडे किर्लोस्कर समूह आपली सुरुवात ज्या १८८८ सालापासून मोजतो, ती सुरुवात कारखान्याने झालेली नाही, बेळगावातल्या सायकलींच्या दुकानाने झाली. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग बहुजनांच्या मुलांना दाखवला. या सर्वांवर आपण परीक्षेत दहा-दहा गुणांची उत्तरे लिहितो. पण उत्तर लिहून झाले, की ‘पंक्चरवाला’ हा शब्द शिवीसारखा वापरतो. नापास होणाऱ्याला ‘पंक्चर काढायला बस’ म्हणतो. मीही एकदा हसलो आहे. हसताना पोटात काय झाले ते माझे मला माहीत.

म्हणून माझी मागणी लहान आहे. कॉलेजच्या सायकल स्टँडवर पायाने धरायचा एक उभा पंप असावा. शेजारी एक डबी असावी. दोन पट्ट्या, पॉलिशपेपर, सोल्युशन, ठिगळे आणि वाल ट्यूबचे दोन-चार तुकडे. जून-जुलैमध्ये नवे विद्यार्थी आले, की एका शनिवारी तासभर ट्यूब बसवण्याचे प्रात्यक्षिक व्हावे. मुलींनी ते स्वतःच्या हाताने करावे, भावाने करून देऊ नये. ग्रंथालयाच्या एका पुस्तकाहून याला जास्त खर्च येणार नाही. प्राध्यापक मंडळींनी याचा विचार करावा, ही नम्र विनंती.

प्रात्यक्षिक कोण देईल, असा प्रश्न येईल. मी आबांना विचारले आहे. ते आजवर कॉलेजच्या फाटकाच्या आत आलेले नाहीत. प्रवेशाच्या दिवशीही बाहेर लिंबाखाली उभे होते. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारले, “घमेलं तिथं मिळंल, का इथनं आणायचं?”

घमेले मी आणणार आहे. आणि यंदाच्या अर्जावर ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यात काय लिहायचे तेही ठरले आहे. त्या वेळी हात झाकायचा नाही.

राहता राहिली ती मुलगी. तिने तो पेपर पुन्हा दिला आणि ती पास झाली. मी तिची क्षमा मागितली, तेव्हा ती म्हणाली, “क्षमा नको, शिकव.” आता ती ट्यूब माझ्यापेक्षा सफाईने बसवते. मागच्या महिन्यात त्याच पुलावर त्या तीन मुलांतल्या एकाची सायकल बसली होती. पेट्रोल परवडेना म्हणून तो सायकलीवर आला होता. तिने त्याला मदत केली. मी पंप धरून उभा होतो.